लाल कौलांच्या घराला बाहेरून कोणता रंग शोभेल? (औसा, काळ्या रानातलं घर)

रानातलं_घर

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळ रानात घर बांधून झालंय, बाहेरचा रंग तेवढा राहिलाय. सगळी मापं देतो, म्हणजे नेमकं सांगता येईल.

फक्त तळमजला, बाहेरून ३२ बाय ३८ फूट. जोतं अडीच फूट, काळ्या दगडात, दरजा भरलेलं. जोत्याच्या वर भिंत साडेदहा फूट, तिच्यावर उतरता स्लॅब आणि स्लॅबवर मातीची लाल कौलं. दोन्ही आखूड बाजूंना वर तिकोनी भिंत, मधोमध सहा फूट उंच. खिडक्या आठ, ४ बाय ४ च्या, पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, सगळ्यांवर छज्जे. बाहेरची दारं दोन. प्लॅस्टर सँडफेस (रेतीचे दाणे दिसणारं, खडबडीत), दिवाळीआधी झालं, आता दोन महिने होतील. घराचं तोंड पूर्वेला, पडवीही तिकडंच. पश्चिमेला मोकळं रान, सावलीला एक झाड नाही.

घरात तीन मतं आहेत. आईला पिवळा हवा, बायकोला राखाडी, आणि मिस्त्री म्हणतो पोपटी द्या, लांबून दिसतंय. कौलं बदलणार नाहीत, बाकी काहीही ऐकायची तयारी आहे. रंग कोणता, किती लीटर, पुट्टी करायची का आणि लावायचा कधी?

रंगपेटी

पोपटी लांबून दिसेल हे मिस्त्रीचं खरं आहे, आणि अडचणही तीच आहे. लाल आणि हिरवा रंगचक्रावर समोरासमोर बसतात. दोन्ही सारखेच भडक आणि सारखेच मोठे असले की एकमेकांशी भांडत राहतात, नजर कुठंच ठरत नाही. हिरव्याची हौस असेल तर ती दारावर किंवा ग्रिलवर भागवा. बाटलीसारखा गडद हिरवा घ्या आणि थोडाच वापरा.

भिंतीचं नंतर बघू. आधी तुमचा लाल कोणता ते ठरवा. सकाळी नऊच्या उन्हात कोरा पांढरा कागद कौलावर ठेवा आणि शेजारचा रंग बघा. भाजलेल्या विटेसारखा, केशरीकडं झुकलेला दिसतोय, का वाळल्या बिटासारखा, जांभळटाकडं? मातीच्या कौलाचा लाल म्हणजे मातीतलं लोह भट्टीत भाजून आलेला रंग, तो बहुतेक वेळा केशरीकडं जातो. सिमेंटची रंगवलेली किंवा ग्लेझ मारलेली कौलं मरून निघू शकतात.

केशरी लाल असेल तर भिंत पिवळसर मातीच्या घराण्यातली घ्या: ज्वारीच्या पिठाचा रंग, वाळल्या कडब्याचा, गढीच्या पांढऱ्या मातीचा, फार तर पिवडीत (पिवळ्या मातीच्या रंगात) भरपूर पांढरा मिसळलेला. गेरू आणि पिवडी ही दोन्ही लोहाचीच रूपं, त्यामुळं त्या कौलाखाली हे रंग उपरे वाटत नाहीत. मरून असेल तर मात्र हे पिवळसर रंग शिळे दिसतात. तिथं राखेकडं झुकलेला पांढरा किंवा फिकट राखाडी बरा.

आता आईचा पिवळा. हळदीसारखा लख्ख पिवळा लाल छताखाली जत्रेतल्या पाळण्यासारखा दिसतो. पिवडीचा, जरा मळकट वाटणारा पिवळा मात्र सुंदर बसतो. शेडकार्डवर तो उदास वाटेल, त्याला फसू नका. एवढ्या मोठ्या भिंतीवर आणि आपल्या उन्हात कोणताही रंग कार्डापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका आणि भडक दिसतो. कार्डावर जो 'बरोब्बर' वाटला, त्याच पट्टीवरचा एक घर खालचा आणि मळका घ्यायचा.

एका सापळ्यापासून सांभाळा. 'क्रीम' किंवा 'बिस्किट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शेड्समध्ये गुलाबी झाक असते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती कळत नाही. केशरी कौलाखाली तीच भिंत आजारी माणसाच्या कातडीसारखी दिसते. शेडकार्ड घरी आणा आणि कौलाचा एक तुकडा शेजारी ठेवून उन्हात बघा.

छज्जे आणि खिडक्यांभोवतीची पट्टी भिंतीपेक्षा फिकट, सायीसारख्या पांढऱ्यात ठेवा, म्हणजे पांढऱ्या यूपीव्हीसी खिडक्या चिकटवल्यासारख्या वाटणार नाहीत. एकदम शुभ्र पांढरा नको, तो कौलाशेजारी निळसर दिसतो आणि एप्रिलच्या दुपारी डोळ्यांत घुसतो. पट्टीला कौलाचा लाल तर मुळीच देऊ नका. रंगातला लाल आणि भाजलेला लाल कधी जुळत नाहीत, आणि जुळवायचा प्रयत्न केलेला लगेच कळतो. तिकोनी भिंतीला वेगळा रंग द्यायची फॅशन आहे, तीही टाळा, छत आणि घर तुटक दिसतात.

मोंढा_काउंटर

मापं दिलीत ते बरं केलं, नाहीतर लोक 'तीन बेडरूमला किती डबे' विचारतात.

घेर १४० फूट, गुणिले साडेदहा म्हणजे १४७० चौ. फूट. खिडक्या १२८ आणि दारं अंदाजे ५० वजा केली की १२९२. दोन तिकोनी भिंती ९६ प्रमाणं १९२. एकूण भिंत १४८४. छज्ज्यांचा वरचा-खालचा भाग आणि कडा मिळून एका छज्ज्याला १७ धरा, आठांचे १३६. खिडक्यांभोवती सहा इंची पट्टी काढली तर ७२ चौ. फूट, ती भिंतीतून वजा होऊन पांढऱ्यात जाईल. म्हणजे मुख्य रंग १४१२ आणि पांढरा २०८.

गुळगुळीत भिंतीवर चांगलं एक्स्टिरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतीचा, पाण्यात पातळ होणारा रंग) दोन हातांत लीटरमागं ५० ते ६० चौ. फूट जातं. तुमचं सँडफेस आहे, रेतीच्या खळग्यांत रंग जिरतो, म्हणून ४५ धरा. मुख्य रंग साडेएकतीस लीटर येतो. २० चा एक, १० चा एक आणि ४ चा एक डबा घ्या. पांढऱ्याला साडेचार लीटर, म्हणजे ४ आणि १. प्रायमर (रंगाखालचं अस्तर) एका हाताला २० लीटर पुरेल. जोतं दगडाचं आहे, त्याला रंग नको. दगड रंगवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मशीनवर रंग मिसळताना तिन्ही डबे एकाच वेळी, एकाच दुकानातून करून घ्या. तरीही डब्या-डब्यात केसभर फरक राहतो. पिंप आणून तिन्ही डबे एकत्र घोटून घ्या, आणि ते जमत नसेल तर निदान डबा भिंतीच्या कोपऱ्यावर संपवा, मध्यावर नाही.

मशीनच्या चिठ्ठीवर कोणते कलरंट (डब्यात टाकायचे मूळ रंग) किती पडले ते छापून येतं. ती चिठ्ठी मागून घ्या आणि काउंटरवर एकच प्रश्न विचारा: यातला पिवळा ऑक्साइड (लोहाचा, पिवडीच्या जातीचा) आहे का ऑरगॅनिक (रसायनातून केलेला)? ऑक्साइडचे पिवळे, लाल आणि तपकिरी उन्हाला टिकतात. ऑरगॅनिक पिवळा आणि चटक लाल बाहेरच्या भिंतीवर लवकर उडतात, पश्चिमेच्या भिंतीवर सगळ्यात आधी. लख्ख शेड ऑक्साइडमधून होतच नाही, हे मळक्या पिवळ्याच्या बाजूचं आणखी एक कारण.

गडद शेड वेगळ्या बेसमध्ये (कलरंट टाकण्याआधीच्या कोऱ्या रंगात) होते. त्यात पांढरं टिटॅनियम कमी असल्यानं झाकायची ताकद कमी पडते. दोनाऐवजी तीन हात लागतात आणि लीटरही महाग पडतो. 'एकच भिंत डार्क करू' म्हणताना हे कुणी मोजत नाही.

काळीमाती

रंगपेटींनी ज्वारीच्या पिठाचा रंग सांगितला. औशाच्या रानात तो पहिल्या मे महिन्यापर्यंत पिठाचा राहील, पुढं कडब्याचा होईल. मग सरळ कडब्याचाच का घेऊ नये?

कोकणात लाल कौल आणि पांढरी भिंत शोभते, कारण तिथं पाऊस चार महिने भिंती धुतो. त्यांची लढाई शेवाळाशी, आपली धुळीशी. वावटळीची धूळ सँडफेसच्या दाण्यांत बसते आणि जूनचे पहिले चार थेंब तिचे ओघळ करून जातात. धूळ लपवायला भिंत धुळीच्याच जवळच्या रंगाची लागते. बऱ्याच शेडकार्डांवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, म्हणजे रंग शंभरातला किती उजेड परत फेकतो तो. ८० च्या वर गेलं की दिपतं आणि मळ दिसतो, ४० च्या खाली आलं की भिंत तापते. तुम्ही ५५ ते ६५ मध्ये राहा.

पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंग कुठल्याही परिस्थितीत नको. दुपारी तीन ते सूर्यास्त ऊन थेट आहे आणि सावली नाही. भिंत दिवसभराची उष्णता गिळून रात्री आत सोडणार. शिवाय गडद भिंत जास्त तापते आणि जास्त आक्रसते, तिथं केसासारख्या भेगा आधी येतात. गडद रंगाची हौस पूर्वेच्या पडवीच्या आतल्या भिंतीवर फेडा, तिथं ऊन फक्त सकाळचं.

रंगाआधी दोन गोष्टी तपासा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच आहे का? नसेल तर पाणी छज्ज्याखालून वळून भिंतीवर येतं आणि प्रत्येक खिडकीवर काळ्या मिशा उगवतात. कडेपासून इंचभर आत अर्ध्या इंचाची खाच ग्राइंडरनं पाडता येते, रंगाआधी. दुसरं, कौलांची वळचण भिंतीच्या बाहेर किती आहे? दीड फुटाच्या आत असेल तर पन्हाळ लावा. वळचणीचं पाणी काळ्या मातीत पडून चिखल उडतो. तुमचं दगडी जोतं बराचसा झेलेल, पण घराभोवती तीन फूट रुंद शहाबादी फरशी, बाहेर उतार देऊन, टाकलीत तर चिखलही नाही आणि पायाजवळची काळी माती फुगणं-आक्रसणंही कमी. भिंतीच्या तिरप्या भेगा तिथूनच सुरू होतात. त्या रंगानं झाकत नाहीत.

पत्र्याचं_छप्पर

मध्येच विचारतो. आमच्याकडं कौलं नाहीत, लाल कलर कोटेड पत्रा आहे, सहा वर्षं जुना. हिशोब हाच का?

रंगपेटी

कागद ठेवून बघायची रीत तीच. फक्त पत्रा नवा होता तेव्हाचा लाल विसरा, आज दिसतो त्याच्याशी जुळवा. उन्हानं पत्र्याचा वरचा थर भुकटीला येतो आणि लाल गुलाबीकडं फिकटतो. ओलं बोट फिरवून बघा, लाल लागलं तर ती भुकटी पावसाबरोबर भिंतीवरही उतरणार. तिथं पन्हाळ नसताना फिकट भिंत घेऊ नका. आणि पत्रा चकाकता असल्यानं भिंत मॅटच बरी, दोन चकाकी एकमेकींवर पडल्या की टपरीची कळा येते.

रानातलं_घर

खूप आभार. कागद ठेवून बघितलं, कौल स्पष्ट केशरीकडं आहे. छज्ज्याला खाच नाही, ग्राइंडर उद्याच येतोय. वळचण पावणेदोन फूट आहे.

एक नवीन अडचण. वायव्य कोपऱ्यात जोत्याच्या वर फूट-दीड फूट भिंतीवर पांढरं काहीतरी फुललंय, कापसासारखं. प्लॅस्टरला पाणी बोअरचंच मारलं होतं. रंगारी म्हणतो पुट्टीचे दोन हात मारू, दबून जाईल.

थापी_रंधा

दबणार नाही. पुट्टीसकट बाहेर येईल.

त्यावर पाणी शिंपडून बघा. विरघळून दिसेनासं झालं तर तो क्षार, आपण लोणा म्हणतो तो. तसंच राहिलं तर बुरशी. बोअरच्या जड पाण्यातले, विटांतले आणि सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडालं की पृष्ठभागावर बसतात. रंगानं तोंड बंद केलं तर ते रंगाच्या मागं साठतात आणि पापुद्रा ढकलून काढतात.

कोरड्या तारेच्या ब्रशनं खरडा आणि भुकटी खाली न पाडता सुपलीत धरून लांब टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात. दोन आठवडे थांबा. पुन्हा फुललं तर पुन्हा खरडा. दरम्यान ओल कुठून येते ते शोधा. वायव्येला न्हाणीघराचा पाइप किंवा सांडपाण्याचा चेंबर आहे का? बहुतेक वेळा तिथंच सापडतं. भिंत वाळली का ते बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीनं बसवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून ओल आहे.

पुट्टी सँडफेसवर करूच नका. दाणे बुजवायला ढिगानं लागते, आणि जाड थर बाहेरच्या उन्हात तडकतो. आणि ॲक्रिलिक पुट्टी तर बहुतेक आतली असते, तशी बाहेर लावली की पहिल्या पावसात फुगते. रंगारी कोणती आणतोय ते गोणी बघून ठरवा. केसासारख्या भेगा ब्रशनं मोकळ्या करून ॲक्रिलिक क्रॅक फिलरनं भरा. भेगेत पाच रुपयांचं नाणं उभं जाऊ लागलं तर मात्र रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला बोलवा.

क्रम असा ठेवा. कौलांवर काही सीलर किंवा ॲसिडची धुलाई बाकी असेल तर ती आधी. ॲसिडचं पाणी भिंतीवरून उतरलं तर प्लॅस्टर खातं. मग दुरुस्त्या, झाडणं, अल्कली (सिमेंटमधला खार) सोसणारा एक्स्टिरियर प्रायमर एक हात, रात्रभर सुकू द्यायचा, मग रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. तिकोनी भिंत रंगवताना कौलांच्या कडेवर ताडपत्री टाका. कौल सच्छिद्र असतं, त्यावर पडलेला रंगाचा थेंब पुसून जात नाही, घासला तर डाग मोठा होतो.

पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका, पिण्याचं घ्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच, आणि मोजायला लीटरचं माप हातात द्या. 'अंदाजानं' टाकलेलं पाणी म्हणजे अंदाजानं उडणारा रंग.

वेळ आत्ताची चांगली आहे, महाशिवरात्रीच्या आत उरका. पुढं भिंत इतकी तापते की रंग ब्रशखालीच वाळतो आणि जिथं एक पट्टा दुसऱ्यावर चढतो तिथं रेघा उमटतात. आत्ताही सावलीच्या मागं मागं जायचं: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. परांची बांधतानाच हे ठरवा, नाहीतर रंगारी त्याच्या सोयीनं उलटं करतो.

रानातलं_घर

वायव्येला चेंबरच निघाला, सांधा गळत होता. दुरुस्त करून प्लास्टिक लावलंय.

तोवर पूर्व आणि पश्चिम दोन्ही भिंतींवर तीन बाय तीनचे नमुने काढले, प्रायमर आणि दोन हात. एक कडब्याचा, एक पिवडीचा, एक बायकोचा राखाडी. कडब्याचा सगळ्यांना पटला. पण राखाडीचं कोडं आहे. दुकानात तो शुद्ध राखाडी होता, कागदावरही आहे. भिंतीवर, विशेषतः वरच्या बाजूला कौलाजवळ, हिरवट दिसतोय. डबा चुकीचा मिसळला का?

मोंढा_काउंटर

चिठ्ठीवर फक्त काळा आणि पांढरा बेस असेल तर डबा बरोबर आहे. हे रंगपेटींचं खातं.

रंगपेटी

डबा नाही, डोळा. लालाकडं बघत असताना डोळा शेजारच्या बिनरंगी जागेवर लालाच्या विरुद्ध रंगाची झाक चढवतो. म्हणून काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी लाल कौलाखाली हिरवट-निळसर होतो, जितका कौलाजवळ तितका जास्त. खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फक्त भिंत बघा. हिरवा निघून जाईल.

राखाडी ठेवायचाच असेल तर त्यात आधीच लालसर-पिवळा घालून घ्यावा लागतो. काळ्याच्या जोडीला अंबर (मातीचा गडद तपकिरी) आणि पिवळा ऑक्साइड असलेली शेड मागा, दुकानात ती चुलीतल्या शेणाच्या गोवरीच्या राखेसारखी तपकिरी वाटेल. कौलाखाली गेली की राखाडी होईल. एक लीटर करून त्याच जागी, जुन्या नमुन्यावर प्रायमरचा हात देऊन पुन्हा लावा आणि सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच असं तीनदा बघा.

भिंती कडब्याच्या ठरल्या असतील तर हा राखाडी पडवीच्या आतल्या भिंतीला आणि दाराच्या चौकटीला बसेल. जोत्याचा काळा दगड खाली आहेच, त्याला वर एक जोडीदार मिळेल. पडवीची भिंत किती ते सांगा, लीटर मोंढावाले काढून देतील.

मोंढा_काउंटर

पडवी मोजताना दारं वजा करून सांगा. आणि मुख्य रंगाचा डबा करण्याआधी कळवा. तेवढी भिंत ३४ लीटरमधून कमी झाली तर ४ चा डबा घ्यायचाच नाही. मशीनवर मिसळलेला डबा परत घेत नाही कुणी.